निवाडा करणाऱ्याला कायदा शिकू द्या

प्रति,
मा. संरक्षण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,



सेवेत असलेल्या लष्करी अधिकाऱ्याला पूर्ण पगारावर, तीन वर्षांसाठी, नियमित विधी महाविद्यालयात एलएलबी करायला पाठवण्याची योजना आपल्या मंत्रालयाने सुरू करावी, एवढीच या पत्रातली मागणी आहे. तांत्रिक शाखेतल्या अधिकाऱ्याला एम.टेक.साठी सरकारी खर्चाने आयआयटीत पाठवण्याची पद्धत जुनी आहे. लष्करी डॉक्टर पुण्याच्या एएफएमसीत पदव्युत्तर शिक्षण घेतो, तेव्हा तो नोकरीतच असतो. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात वर्ष काढलेल्या अधिकाऱ्याच्या हाती मद्रास विद्यापीठाची एम.एस्सी. पडते, तर सिकंदराबादला व्यवस्थापन शिकणाऱ्याला उस्मानिया विद्यापीठाची पदवी मिळते. यंत्र, शरीर, रणनीती आणि व्यवस्थापन या सगळ्यांसाठी सेनादलांनी वाट काढून ठेवली आहे. कायद्याची पहिली पदवी मात्र अधिकाऱ्याने वर्दी चढवण्याआधी तरी घ्यावी किंवा उतरवल्यावर तरी घ्यावी, असाच आजचा प्रघात आहे. हे का खटकावं, ते जरा सविस्तर मांडतो.

आपल्या सैन्यातला पलटणीचा कमांडिंग ऑफिसर हा लढाईतला पुढारी असतो, तसाच तो न्यायाधीशही असतो. लष्कर कायदा १९५० मध्ये चार प्रकारची लष्करी न्यायालयं सांगितली आहेत. त्यांतलं समरी कोर्ट मार्शल हे कमांडिंग ऑफिसर एकटा भरवतो. त्याच्या शेजारी दोन अधिकारी किंवा जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) बसतात, पण ते शपथ घेत नाहीत आणि निकालात त्यांचं मत धरलं जात नाही. न्यायालय म्हणजे तो एकटाच. आरोपी जवानाला मदतीला एक माणूस घेता येतो. त्या माणसाने जवानाच्या कानात सल्ला द्यावा, एवढीच त्याला मुभा. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची नाही, न्यायालयापुढे युक्तिवाद करायचा नाही. अधिकारी लेफ्टनंट कर्नल किंवा त्याच्या वरच्या हुद्द्याचा असेल, तर तो एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो. खालच्या हुद्द्याचा असेल तर तीन महिन्यांपर्यंत. शिवाय बडतर्फी आहेच, आणि बडतर्फीचे घाव कैदेपेक्षा खोल जातात, कारण तिच्याबरोबर पेन्शनही धोक्यात येते. इतर कोर्ट मार्शलच्या शिक्षेला वरिष्ठाची मंजुरी लागते, या शिक्षेला ती एरवी लागत नाही. शिक्षेची अंमलबजावणी लगेच करता येते. मग कागद ब्रिगेड किंवा डिव्हिजनच्या प्रमुखाकडे जातात. त्याला शिक्षा रद्द करता येते, पण गुणदोषांवर. नुसत्या तांत्रिक कारणावर नाही, असं कलम १६२ सांगतं. इतका अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याच्याकडे कायद्याची पदवी असावी अशी अट कुठेही नाही. तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाला, ज्याच्यापुढे दोन बाजूंचे दोन वकील उभे असतात, त्याला एलएलबीशिवाय त्या खुर्चीच्या जवळपासही फिरकता येत नाही.

हा अधिकार चुकतो तेव्हा काय होतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या रणजित ठाकूर निकालात उघड्यावर आलेलं आहे. सिग्नल रेजिमेंटमधल्या या जवानाने आपल्या कमांडिंग ऑफिसरविरुद्धची तक्रार परस्पर वरच्या अधिकाऱ्यांकडे धाडली. शिस्तभंग म्हणून त्याला २८ दिवसांची सक्तमजुरी झाली. ती शिक्षा भोगत असताना, १९८५ च्या मार्चमध्ये, एका जेसीओने त्याला समोरचं जेवण जेवायचा हुकूम केला आणि तो जेवला नाही. वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडला म्हणून समरी कोर्ट मार्शल बसलं. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, तो अधिकारी त्या न्यायालयात बसला होता. एक वर्षाची सक्तमजुरी आणि नोकरीतून बडतर्फी, हा निकाल. न्यायालयात बसणाऱ्यांबद्दल आरोपीला काही हरकत आहे का, हे विचारणं कलम १३० प्रमाणे आवश्यक होतं. ते विचारलंच गेलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने सगळी कारवाई रद्द केली, पक्षपाताचा मुद्दा मान्य केला आणि ताट बाजूला सारल्याबद्दल एवढी शिक्षा अपराधाच्या मानाने अवाजवी ठरवली. स्वतःविरुद्धच्या तक्रारदाराचा निवाडा स्वतः करू नये, हा कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या काही तासिकांत शिकवला जाणारा धडा. तो कळायला जवानाला दिल्लीपर्यंत जावं लागलं. २०१६ मध्ये विशव प्रिया सिंग प्रकरणात याच न्यायालयाने पुन्हा सांगितलं की समरी कोर्ट मार्शल हा अपवादाचा मार्ग आहे, तातडी असेल तरच तो धरावा आणि तातडीची कारणं नोंदवावीत. जवानाने गुन्हा कबूल केल्याची नोंद आहे पण त्याखाली त्याची सही नाही, अशा कारणावरूनही कारवाया कोलमडल्या आहेत. या चुका दुष्टाव्यातून होतात असं मला म्हणायचं नाही. बहुतेकदा त्या न शिकल्यामुळे होतात, आणि न शिकलेल्या माणसाला शिकवता येतं.

यावर पहिलं उत्तर मिळेल ते जॅगचं, म्हणजे जज ॲडव्होकेट जनरल विभागाचं. तो विभाग आहे आणि चांगलं काम करतो, हे मान्य. पण तो किती माणसांचा आहे, तेही पाहा. गेल्या वर्षी, ११ ऑगस्ट २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने अर्शनूर कौर प्रकरणात जॅगच्या भरतीतला पुरुष-महिला जागांचा भेद मोडीत काढला. त्या एका तुकडीच्या जागा होत्या नऊ; सहा पुरुषांना, तीन महिलांना. सगळ्या देशाच्या भूदलासाठी एका तुकडीला नऊ. थेट भरतीतून येणारा उमेदवार २१ ते २७ वर्षांचा असतो, एलएलबीला किमान ५५ टक्के मिळवलेला असतो, चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत ४९ आठवडे घालवतो आणि पुढे लष्करी कायद्याचं खास शिक्षण घेतो. या शिक्षणाची संस्था आपल्याच राज्यात, नागपूरशेजारच्या कामठीला आहे. हा तरुण कायदा जाणतो. पलटणीत वर्षं काढलेल्या कॅप्टनला जवानाच्या रागाची, घरच्या चिठ्ठीची, सुट्टी नाकारल्यानंतरच्या रात्रीची जी समज असते, ती त्याच्याकडे नसते, आणि कुठून असावी? त्यातही जनरल कोर्ट मार्शलला जज ॲडव्होकेट असलाच पाहिजे असं कलम १२९ सांगतं. समरी कोर्ट मार्शलच्या खोलीत तो नसतो. म्हणजे कायद्याची सर्वांत जास्त गरज जिथे आहे, तिथेच कायदा शिकलेला माणूस नाही.

पलटणीतला अनुभव आणि कायद्याचं शिक्षण एकाच माणसात आणायचं, तर पलटणीतल्या माणसाला कायदा शिकवणं हाच सरळ मार्ग आहे. कायद्याची पदवी हाती असलेल्या सेवेतल्या अधिकाऱ्याला जॅगकडे वळवण्याची प्रथा तिन्ही दलांना ठाऊक आहे. अडचण अशी की ती पदवी मिळवायची कुठून, ते कुणी सांगत नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार विधी महाविद्यालयात ७० टक्के हजेरी लागते. पूर्ण वेळ अभ्यासक्रमाचे वर्ग दिवसाच भरावे लागतात. संध्याकाळच्या विधी महाविद्यालयांचा जमाना गेला. टपालाने घेतलेली एलएलबी सनदेसाठी चालत नाही. एकाच वेळी दुसऱ्या नियमित पदवीला नाव घालता येत नाही. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने तर विद्यार्थी नोकरी करतो का, करत असेल तर मालकाचं ना हरकत पत्र आहे का, हेही जाहीर करायला सांगितलं आणि हजेरी बोटाच्या ठशावर नेली. दर दोन-तीन वर्षांनी ज्याची बदली राजस्थानातून अरुणाचलला होते, त्याने हे कसं जमवावं? केंद्राच्या नागरी सेवकाला अख्ख्या नोकरीत मिळणारी अभ्यासरजा २४ महिन्यांची. लष्करी अधिकाऱ्याला तेवढीच मोकळीक दिली तरी ३६ महिन्यांची एलएलबी तिच्यात बसत नाही. एक वर्षाची एलएलएम बसते, पण एलएलबी नसलेल्याला ती काय कामाची? हे कोडं सोडवायचं, तर हे शिक्षण रजेतून काढून नेमणुकीत घालावं लागेल. शिकणं हीच त्या अधिकाऱ्याची तीन वर्षांची पोस्टिंग.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण सरकारी फाइलीत अशी मागणी गेली की तिचं काय होतं ते आपण सगळे जाणतो. हजेरी माफ करा, ऑनलाइन वर्ग घ्या, शनिवार-रविवारची खास तुकडी काढा, असल्या सवलती कृपा करून देऊ नयेत. अर्धवट शिकलेला न्यायाधीश अडाणी न्यायाधीशापेक्षा जास्त धोक्याचा, कारण त्याला आपण शिकलेले आहोत असं वाटत असतं. अधिकाऱ्याने सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी, इतरांबरोबर बाकावर बसावं, मूट कोर्टात हरावं, इंटर्नशिपसाठी एखाद्या वकिलाच्या कार्यालयात फायली उचलाव्यात. आपल्याला कुणी सॅल्यूट करत नाही अशा खोलीत तीन वर्षं काढणं, हासुद्धा पुढे निवाडा करणाऱ्यासाठी अभ्यासक्रमाचाच भाग मानावा.

अमेरिकेने हे अर्धशतकापूर्वी केलं. तिथल्या फेडरल कायद्याच्या एका कलमानुसार दरवर्षी प्रत्येक दलातून जास्तीत जास्त २५ अधिकारी पूर्ण पगारावर लॉ स्कूलला पाठवता येतात. सेवेची किमान दोन आणि कमाल सहा वर्षं झालेली असावीत, हुद्दा कॅप्टनपर्यंतचा असावा आणि शिकलेल्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षं सेवा द्यावी, अशा अटी घातल्या. पुढे विशिष्ट अटींवर सैनिकांनाही हा मार्ग खुला केला. जगातल्या सर्वांत मोठ्या लष्करी खर्चाच्या देशानेही संख्येला लगाम घातला, हे लक्षात घेण्यासारखं आहे. मी मागतो आहे ते त्याहून लहान आहे: तिन्ही दलांचे मिळून पहिल्या वर्षी दहा-बारा अधिकारी.

हा आकडा धरला की अधिकाऱ्यांच्या तुटवड्याचा आक्षेप बराचसा विरघळतो. सेनादलांत अधिकारी कमी आहेत, हे संसदेत वारंवार सांगितलं गेलं आहे, ते मी नाकारत नाही. पण तुटवडा असतानाही आयआयटीला जाणारे थांबले नाहीत, कारण तंत्रज्ञ अधिकाऱ्याची गरज सर्वांना पटली आहे. कायद्याची गरज अजून पटलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. उलट चुकीच्या पद्धतीने चालवलेलं एक कोर्ट मार्शल पुढे लष्करी न्यायाधिकरणात, उच्च न्यायालयात, सर्वोच्च न्यायालयात दहा-दहा वर्षं फिरतं, त्यात किती अधिकाऱ्यांचे किती दिवस साक्षी-शपथपत्रांत जातात, याचाही हिशेब मांडावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सरकारच्या पैशाने शिकून हे लोक राजीनामा देतील आणि उच्च न्यायालयात वकिली थाटतील. बंधपत्र हे त्याचं साधं उत्तर. तीन वर्षांच्या शिक्षणामागे सहा-सात वर्षांची सेवा, नाही तर खर्चाची व्याजासह परतफेड. सेवेत असेपर्यंत सनद मिळत नाही, कारण पगारी पूर्णवेळ नोकराला वकिली करता येत नाही, त्यामुळे दोन्ही दगडांवर पाय ठेवण्याची सोय नाही. मात्र बंधपत्राने माणूस बांधला जातो, टिकतो असं नाही, आणि याचा धडा आपल्याच इतिहासात आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते दहा वर्षं बडोद्याची सेवा करण्याच्या करारावर. १९१७ मध्ये ते बडोद्याला परतले, महाराजांचे मिलिटरी सेक्रेटरी झाले, आणि कचेरीतल्या शिपायांनी लांबून फेकलेल्या फायली आणि शहरात न मिळालेली राहायची जागा यांमुळे त्यांना काही दिवसांतच बडोदं सोडावं लागलं. महाराजांची दृष्टी मोठी होती, करार पक्का होता. संस्थान त्या माणसाला त्याच्या विद्येला साजेशी वागणूक देऊ शकलं नाही. मग ते बॅरिस्टर झाले ते स्वतःच्या खटपटीने. जातीच्या त्या छळाची तुलना आजच्या कुठल्या गैरसोयीशी करता येणार नाही, आणि मी ती करतही नाही. पण शिकवून आणलेल्या माणसाला मानाने वापरण्याची तयारी आधी करावी लागते, ही गोष्ट तिथून घ्यायलाच हवी. एलएलबी होऊन आलेल्या मेजरला पुन्हा रेशन डेपोत बसवलं, त्याच्या गोपनीय अहवालात ती तीन वर्षं ‘रेजिमेंटपासून दूर’ म्हणून उणी धरली, कर्नलच्या बढतीत त्याला मागे टाकलं, तर योजना पहिल्या तुकडीतच मरेल. बढतीचे निकष आधी बदला, मग अर्ज मागवा.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण मेसमध्ये बोलला जातच असणार: फार कायदा शिकलेला अधिकारी गोळी चालवताना कचरेल. खरं तर कायदा न कळणारा अधिकारीच कचरतो, कारण आपण काय केलं तर खटल्यात अडकू याचा त्याला अंदाज नसतो. जिनिव्हा करारांसाठी आपला स्वतःचा कायदा १९६० पासून आहे. अशांत क्षेत्रांतल्या कारवायांवर सर्वोच्च न्यायालयाची नजर आहे. जवानावरचा खटला नागरी फौजदारी न्यायालयात चालवायचा की कोर्ट मार्शलपुढे, याचा विवेकाधिकार कलम १२५ ने वरिष्ठ कमांडरला दिला आहे. हा निर्णय कायद्याच्या समजेशिवाय घेणं म्हणजे अंधारात हात घालणं. आता तर जमीनच हलली आहे. आंतरसेवा संघटनांविषयीचा २०२३ चा कायदा १० मे २०२४ पासून अमलात आला आणि अशा संघटनेच्या कमांडरला भूदल, नौदल, हवाईदल या तिघांच्याही माणसांवर त्यांच्या-त्यांच्या कायद्यानुसार कारवाई करण्याचा अधिकार मिळाला. भूदलाच्या ब्रिगेडियरने नौदलाचा १९५७ चा कायदा केव्हा वाचला असेल? १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि तो कोर्ट मार्शललाही लागू होतो, असं पहिल्याच कलमात लिहिलं गेलं. मोबाइलमधला संदेश, कॅमेऱ्याचं चित्रण, हॅशची नोंद असलेलं प्रमाणपत्र, हे सगळं आता पलटणीच्या कार्यालयात पुरावा म्हणून येणार. दोन आठवड्यांच्या उजळणी वर्गाने हे पेलणार नाही.

आता आमच्या शहराविषयी, छत्रपती संभाजीनगराविषयी. योजना कुठे तरी सुरू करायची, तर ती इथे करावी, असं म्हणण्यात थोडा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. इथे छावणी आहे. कांचनवाडीला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. पदवीधरांना तीन वर्षांची एलएलबी शिकवणारं माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे, आणि एनडीएतून निघालेला प्रत्येक अधिकारी पदवीधर असतो, म्हणजे हा तीन वर्षांचा अभ्यासक्रमच त्याला योग्य. १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे आहे, तेव्हा खरं कामकाज बघायला विद्यार्थ्याला गाव सोडावं लागत नाही. राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून इथेच मुलांना एनडीएसाठी घडवते आहे. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत एनडीएची मार्गदर्शकं आणि एलएलबीच्या नोट्स एकाच फळीवर दिसतात; त्या फळीवरची दोन पुस्तकं एकाच मुलाने घ्यावीत असं मात्र कुणी त्याला सांगत नाही. आणि लष्कराला विधी शिक्षणाचं वावडं आहे, असंही नाही. आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी मोहालीला १९९९ पासूनची विधी संस्था चालवते आणि पुण्याजवळ कान्हे इथे २०१८ मध्ये आर्मी लॉ कॉलेज सुरू झालं. दोन्ही ठिकाणी सैनिकांची मुलं शिकतात. बाप मात्र बाहेर.

बाप म्हटलं की जवानांचा प्रश्न येतो. अधिकाऱ्यांनाच का, असं कुणी विचारलं तर त्याचं म्हणणं रास्त आहे. आज सैन्यात पदवीधर जवान आणि जेसीओ कमी नाहीत, आणि समरी कोर्ट मार्शलला सामोरा जातो तो जवानच. सुरुवात अधिकाऱ्यांपासून करावी असं मी म्हणतो ते निवाड्याचा अधिकार आज त्यांच्याकडे आहे म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काही जागा पदवीधर जेसीओ आणि जवानांसाठी ठेवाव्यात. आरोपीच्या शेजारी सल्ला द्यायला बसणारा ‘मित्र’ कायदा शिकलेला सुभेदार असेल, तर त्या खोलीतली हवा बदलेल. आणि त्या मित्राला तोंड उघडायची परवानगी देण्याची दुरुस्तीही मग कुणाला फार धोक्याची वाटणार नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. आपल्या मंत्रालयाचा एक आदेश, बार कौन्सिलकडून सेवेतल्या अधिकाऱ्याच्या ना हरकत पत्राविषयी एक स्पष्टीकरण, आणि राज्याच्या सीईटी कक्षाकडे किंवा विधी विद्यापीठाकडे काही अधिसंख्य जागांची मागणी, एवढ्यावर पहिली तुकडी बसू शकते. अधिसंख्य म्हणजे कुणाची जागा न घेता वाढवलेल्या, कारण गावाकडून आलेल्या मुलाची जागा पगारदार कॅप्टनला मिळाली, तर या योजनेला पहिला विरोध मीच करीन. प्रवेश परीक्षेचे अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात. आदेश दिवाळीपर्यंत निघाला, तर पुढच्या शैक्षणिक वर्षी पहिले विद्यार्थी वर्गात असतील.

आपला,
एक नागरिक
औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर